ट्रेलर उभा केला तरी डुगडुगतो, काय करावं?

डोंगरउतार:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मागच्या दिवाळीत एक सेकंडहँड कॅरव्हॅन ट्रेलर घेतला. म्हणजे गाडीच्या मागं हुकाला लावून ओढायची ती खोली. १४ फुटी आहे, एकच एक्सल, खाली स्प्रिंगचे पाटे, रिकामा असताना वजन ९०० किलोच्या आसपास. आमचं रान सज्जनगडाच्या पुढं ठोसेघर रोडला आहे. तिथं घर बांधायचं तर भावाभावात मोजणी व्हायचीय आणि ती कधी होईल ते समर्थांनाच ठाऊक, म्हणून म्हटलं तोवर चाकावरचं घर नेऊन ठेवू आणि शनिवार-रविवार जाऊन राहू.

आता रडगाणं. ट्रेलर उभा केला तरी हलतो. चारी कोपऱ्यांना कात्रीचे जॅक आहेत, ते मी पूर्ण खाली सोडतो, तरी हलतो. बायको सिंककडं गेली की इकडं माझ्या कपातला चहा बशीत. रात्री एकानं कूस बदलली की चौघं जागे. मागच्या आठवड्यात सासूबाई आल्या होत्या, मधल्या बाकावर झोपल्या, पहाटे उठून म्हणाल्या, "जावईबापू, रात्रभर एसटीत बसल्यागत झालंय, लिंबू आहे का घरात?" आणि वारा सुटला की मग तर विचारूच नका. ज्यानं बनवलाय त्याला विचारावं तर तो फोन उचलत नाही.

जमीन म्हणाल तर वर अर्धा फूट लाल माती आणि खाली मुरूम. खर्च फार नको. उपाय सांगा.

मिरजमळा:
खाली उतरून झोपा. पुढचा प्रश्न?

पाटणचा_पाव्हणा:
आमच्याकडं तेवढी आणू नका ती खोली. आमच्या आजीनं १९६७ च्या ११ डिसेंबरची पहाट बघितलीय, सव्वाचारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला ती. अजून कपाटातली भांडी वाजली तरी आजी आधी उंबऱ्याबाहेर आणि मग 'कोण रं?' गेल्या उन्हाळ्यात दोस्त कॅम्पर घेऊन आलता, आजीला मोठ्या हौसेनं आत नेऊन बसवली, चहा हातात दिला. तेवढ्यात नातवानं दारातनं आत उडी मारली. आजी चप्पल न घालता रस्त्यावर. चहा मात्र हातात तसाच, एक थेंब सांडला नाही. परत काय ती त्या गाडीत बसली नाही.

डोंगरउतार:
@पाटणचा_पाव्हणा 😄 आमच्या सासूबाईंना दाखवतो हे. @मिरजमळा, खाली विंचू आहेत.

पोलाद_आणि_पोहे:
डोंगरउतार, 'हलतो' म्हणजे नेमका कसा हलतो ते आधी बघा. वर-खाली, डावीकडं-उजवीकडं की पुढं-मागं? तिन्हीची औषधं वेगळी आहेत आणि लोक एकच गोळी सगळ्याला देतात.

मुळात तो स्प्रिंगवर ठेवलेला डबा आहे. रस्त्यावरचे खड्डे खायला पाटे आणि टायर मऊ ठेवलेले असतात, तेच मऊपण गाडी उभी केल्यावर नडतं. कोपऱ्याचे जॅक वजन उचलायला नसतात, नुसता टेकू द्यायला असतात. आणि सरळ उभा टेकू वर-खाली हलणं थांबवतो, पण बाजूनं ढकललं की तो स्वतःच कलतो, कारण वर एक पिन आणि खाली एक पिन. चार काठ्या उभ्या करा, वर फळी ठेवा आणि बाजूनं बोट लावा, काय होतंय बघा. मांडवाला कोपऱ्यात तिरका बांबू का बांधतात? त्यासाठीच. तुमच्या ट्रेलरला खांब चार आहेत, तिरका बांबू एकही नाही.

एक काम करा. वहिनींना आत चालायला सांगा आणि तुम्ही बाहेर जमिनीवर पालथे पडून मोबाईलवर व्हिडिओ घ्या. टायरचं पोट दबतंय का, पाटा खाली-वर होतोय का, जॅकचा पाय मातीत डुलतोय का, की सांगाडा जागच्या जागी आहे आणि आतली प्लायवूडची जमीनच लचकतेय? शेवटचं असेल तर जॅकला शिव्या देऊन उपयोग नाही, आतून पट्ट्या माराव्या लागतील.

विट्याचा_वेल्डर:
जॅक पूर्ण खाली सोडतो म्हणताय ना, तितंच घोळ हाय. कात्रीचा जॅक जेवढा उघडंल तेवढा लुळा पडतो. बंद असताना धट्टाकट्टा, उघडला की म्हातारा. त्याच्याखाली गुटका ठेवायचा, ऊसाची ट्रॉली खोलताना दांडीखाली ठेवतात तसला, बाभळीचा असंल तर उत्तम. गुटका येवढा जाड घ्या की जॅक चार-पाच इंचच उघडावा लागंल. विटा लावू नका, विट फुटती. आणि एकावर एक चार फळकुटं पण लावू नका, ती सरकत्यात.

आणि त्या जॅकनं चाक वर उचलायला जाऊ नका भावा. आमच्याकडं एक जण आला होता, जॅकचा स्क्रू पार वाकवून. म्हणला पंचर काढत होतो. म्हणलं दादा ह्यो पंचरचा जॅक न्हवं.

वाईकर_मावशी:
आमच्या लहानपणी बैलगाडी सोडली की पुढं जुवाखाली लाकूड टेकवायचे आणि चाकाला पुढून-मागून दगड लावायचे. दगड एका बाजूनंच लावला तर आम्ही पोरं गाडीत चढलो की गाडी पुढं जायची, मग बाबांचा आवाज यायचा. तुम्ही चाकाला काय लावता ते लिहिलंच नाहीत.

डोंगरउतार:
मावशी, बरोबर पकडलंत. डाव्या चाकाला एक दगड लावतो, मागून. उतार तिकडंच आहे म्हणून.

वाईकर_मावशी:
एक दगड! अहो मग सासूबाई एसटीतच झोपल्या की.

न्यूजर्सी_व्हाया_कोरेगाव:
इथे आमच्याकडे २३ फुटी आहे, दोन एक्सलवाला. चार उन्हाळे झाले, सुरवातीला आमचंही असंच पाळणाघर होतं. इकडे दोन टायरच्या मधल्या फटीत बसवायचं एक लॉक मिळतं, स्क्रू फिरवला की दोन्ही टायर आतून दाबले जातात आणि चाक जरासुद्धा फिरत नाही, पुढं-मागं हलणं निम्म्यानं कमी होतं. पण तुम्हाला एकच एक्सल, फटच नाही, तेव्हा ते विसरा. तुम्हाला दोन्ही चाकांना पुढून आणि मागून, म्हणजे एकूण चार पाचरी हव्यात, आणि त्या नुसत्या ठेवायच्या नाहीत, लाथेनं आत बसवायच्या.

त्याहून महत्त्वाचा आहे क्रम. लोक आधी गाडी सोडवतात आणि मग लेव्हल करत बसतात. आधी डावं-उजवं लेव्हल, तेही जॅकनं नाही, जी बाजू खाली आहे त्या चाकाखाली फळी घालून वर चढवायचं. मग चारी पाचरी. मग हूक सोडवायचा. मग पुढचं जॉकी व्हील, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाला आधार देणारं वर-खाली होणारं छोटं चाक, फिरवून पुढं-मागं लेव्हल. सगळ्यात शेवटी कोपऱ्याचे जॅक.

एक युक्ती इथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं दाखवली होती. जॉकी व्हीलनं तोंड लेव्हलपेक्षा इंच-दोन इंच खाली घ्यायचं, म्हणजे मागची बाजू उचलली जाते. तेव्हा मागचे दोन जॅक जमिनीला घट्ट टेकवायचे. आता तोंड परत वर आणून लेव्हल करायचं, की मागची बाजू त्या जॅकवर आपोआप बसते आणि ते गच्च होतात, हँडल मारून हात दुखवायची गरज नाही. मग पुढचे दोन जॅक हातानं. फक्त हावरटपणा करू नका, दोन इंच म्हणजे दोनच इंच.

चाकबंद:
एवढा सगळा खटाटोप कशाला? चाकं काढा, चार कोपऱ्याला दगडी खांब बांधा आणि ठेवा वर. जन्मात हलणार नाही.

मिरजमळा:
मग खोलीच बांधा की वो. मोजणीचं काय ते बघून घेऊ.

पोलाद_आणि_पोहे:
@चाकबंद, कोपऱ्यावर ठेवलात तर मधोमध पोट खाली येईल. त्या सांगाड्याचं वजन पाटे जिथे जोडलेत तिथून खाली उतरावं अशा हिशोबानं तो बनवलेला असतो. चारी टोकाला उचलून महिनाभर ठेवा, मग खिडक्यांच्या काचा का अडकतात म्हणून नवा धागा काढा. खांबच द्यायचे तर एक्सलच्या जवळ, चॅनेलच्या म्हणजे सांगाड्याच्या लांब लोखंडी तुळईच्या खाली द्या.

चाकबंद:
माझ्या मेव्हण्यानं दिलेत कोपऱ्याला, तीन वर्षं झाली, काही झालं नाही.

विट्याचा_वेल्डर:
मेव्हण्याला म्हणावं दार उघडून दाखव.

चाकबंद:
दार तो मागच्या बाजूनं उघडतो. मूळचं दार जरा घासतं. पण ते आधीपासूनच असेल.

(इथं सात-आठ जणांनी नुसत्या हसऱ्या बाहुल्या टाकल्यात.)

कृष्णाकाठी:
आमची पलूसजवळ द्राक्षबाग आहे, रखवालीला असाच एक ट्रेलर ठेवलाय, तुमच्याहून लहान, १० फुटी. आमची जमीन काळी. डोंगरउतार तुम्ही मुरमावर आहात तर नशीबवान आहात हो. काळी माती पावसात फुगती आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की आत मनगट जातं.

ऑक्टोबर छाटणीच्या वेळची गोष्ट. संध्याकाळी सगळं टकाटक लेव्हल करून मी आणि चुलत भाऊ झोपलो. रात्री दोनला पाऊस. अंगावर पाण्याची बाटली गडगडत आली तेव्हा जाग आली. बघतो तर पायाकडची बाजू खाली, मागचे दोन्ही जॅक वीतभर मातीत गेलेले. दार उघडायला गेलो तर उघडंना. वरच्या कोपऱ्यातल्या फटीत माझं बोट जात होतं आणि खालच्या कोपऱ्यात पोस्टकार्ड सरकवलं असतं तरी अडकलं असतं, एवढी चौकट मुरगळली होती. शेवटी खिडकीतनं बाहेर. भाऊ जरा जाडजूड आहे, त्याचं काय झालं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी डोकं लावलं आणि जॅकखाली शहाबादी फरशी टाकली. आठवड्यात टाळी वाजवल्यागत आवाज आला आणि फरशीचे दोन तुकडे. कारण जॅकचा पाय तळहाताएवढा, सगळा भार एका ठिपक्यावर, आणि खाली माती पोकळ. मग शेवटी जिथं ट्रेलर उभा राहतो तिथली काळी माती फूटभर उपसली, मुरूम भरला, पाणी मारून धुम्मस केला, आणि जॅकखाली फूट-बाय-फूटचे जाड लाकडी पाट. तेव्हापासून गप आहे.

पाटणचा_पाव्हणा:
खिडकीतनं निघालेल्या भावाचं लिहाच. नाहीतर धाग्याला मजा नाही.

कृष्णाकाठी:
तो हा धागा वाचतो.

जाडजूड_भाऊ:
वाचतोय.

मिरजमळा:
🙏🙏

कोयनाकाठ:
कृष्णाकाठी, २०१९ च्या पुरात कुठं होता तुमचा ट्रेलर?

कृष्णाकाठी:
बरी आठवण काढली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं तेव्हा, ४५ ला धोक्याची पातळी असती. आम्ही ट्रॅक्टरला जोडून वर माळावर ओढून नेला आणि घरची चार माणसं आणि एक कुत्रं त्यात राहिलो. तेव्हा हलतो का नाही ते कुणी बघितलं नाही. छप्पर होतं. आई त्या दिवसांत भडंग करायची एवढ्याशा शेगडीवर, तसलं भडंग नंतर कधी झालं नाही.

मिरजमळा:
भडंग म्हणजे सांगलीचंच. साताऱ्याच्या लोकांनी कंदी पेढे खावेत आणि गप बसावं.

डोंगरउतार:
पेढा हलत नाही तरी. भडंग घेऊन माझ्या ट्रेलरमध्ये बसाल तर भांडं मांडीवरून खाली.

संपादक:
मंडळी, खाण्याचा धागा वेगळा आहे. इथं ट्रेलर.

वाऱ्यावरची_नोकरी:
मी सहा वर्षं चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला होतो, ठोसेघरच्या वर. त्या भागातला वारा मी अंगावर घेतलाय म्हणून लिहितो. तिथं पवनचक्क्या काय शोभेला नाही लावलेल्या. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि दिवसदिवस थांबत नाही. तुम्ही ट्रेलर कसा उभा करता? रस्ता समोर दिसावा म्हणून पोट वाऱ्याला देऊन केला असणार.

डोंगरउतार:
हो. खिडकीतून सज्जनगड दिसतो म्हणून.

वाऱ्यावरची_नोकरी:
तेच. तोंड पश्चिमेला करा. सज्जनगड छोट्या खिडकीतून बघा.

पोलाद_आणि_पोहे:
ढोबळ हिशोब मांडतो. १४ फूट लांब आणि साडेसहा फूट उंच म्हणजे साधारण साडेआठ चौरस मीटरची भिंत. ताशी ५० किलोमीटरचा वारा त्या भिंतीवर शंभर ते सव्वाशे किलोचा रेटा देतो. म्हणजे दोन माणसं बाजूनं खांदा लावून ढकलतायत असं समजा, आणि तीही एकसारखी नाही, झटक्यानं. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की रेटा पाव होतो, दुप्पट झाला की चौपट. तोंड वाऱ्याला केलं तर भिंत १४ ऐवजी ६-७ फुटांचीच राहते आणि त्या दिशेला ट्रेलर लांब असल्यामुळे तो डुलतही कमी. वाऱ्यावरचे म्हणतायत ते सोळा आणे खरं. आणि बाजूला ताडपत्रीचं छप्पर ताणलं असेल तर वारा वाढला की काढा, ते शीड आहे.

पाण्याची टाकी भरून ठेवा, हा फुकटचा उपाय. १०० लिटर म्हणजे १०० किलो, तेही खाली. जड वस्तू हलायला आळस करते.

गार_वारा_गरम_चहा:
टायरमधली हवा कमी केली तर? गादीसारखा बसेल ना.

पोलाद_आणि_पोहे:
उलट. गादीवर उभं राहून बघा, स्थिर वाटतं का. हवा कंपनीनं सांगितली तेवढी पूर्ण ठेवा.

गार_वारा_गरम_चहा:
मग पाटा आणि सांगाड्याच्या मधे लाकडी गुटका ठोकला तर? स्प्रिंगच बंद.

विट्याचा_वेल्डर:
हलायचं थांबंल. आणि सोमवारी सकाळी घाईत गुटका काढायचा विसरून घाट उतरायला लागला की एक्सल वाकंल. मी दोन सरळ केल्यात असल्या. नकोच.

डोंगरउतार:
शनिवारी जाऊन आलो. आता सविस्तर.

आधी पोलाद यांनी सांगितलेला व्हिडिओ. मी मातीत पालथा, बायको आत येरझाऱ्या घालतेय, बांधावरून चुलते बघतायत आणि काही बोलत नाहीयेत. व्हिडिओ परत परत बघितला. टायर दबतोय, पाटा थोडा खेळतोय, ते अपेक्षितच. पण मागच्या उजव्या जॅकजवळ मजा दिसली. जॅक ज्या बोल्टनं सांगाड्याला धरलाय तो बोल्ट त्याच्या भोकात इकडून तिकडं जातोय. भोक गोल राहिलेलंच नाही, लंबगोल झालंय, अंड्यासारखं. म्हणजे मी गुटका लावू दे नाहीतर देवाला नारळ फोडू दे, तो कोपरा हलणारच होता.

मग तोंड पश्चिमेला केलं (सज्जनगड गेला). डाव्या चाकाखाली दोन इंची फळी, दोन्ही चाकांना चार पाचरी, गुटके बाभळीचे मिळाले नाहीत पण जुन्या वाशाचे केले. न्यूजर्सीवाल्यांची तोंड खाली घ्यायची युक्ती केली, मागचे जॅक खरंच आपोआप गच्च झाले, भारी वाटलं. आणि मग हावरटपणा केला. म्हटलं अजून थोडं, अजून थोडं, तर दार बंद होईना. कृष्णाकाठींचं पोस्टकार्ड आठवलं. परत अर्धा इंच सैल केलं.

निकाल: वर-खाली हलणं जवळपास गेलं. चहा कपात राहतो. पण पुढं-मागं अजून आहे, बायको पलंगावरून उठली की जहाज निघाल्यासारखं एकदा जातं आणि परत येतं. बाजूनंही थोडं.

विट्याचा_वेल्डर:
भोक अंड्यागत झालंय ते आधी नीट करून घ्या. जाड वॉशरची पट्टी दोन्ही बाजूनं वेल्ड करून नवीन भोक पाडायचं आणि बोल्ट एक साईज मोठा. किरकोळ काम हाय. गल्लीतला कोण पण करंल.

राहिलं पुढं-मागं. पोलादभाऊ तिरका बांबू म्हणले ना, तो तुम्हाला लोखंडाचा पायजे. बाहेर देशात जॅकच्या पायापासनं सांगाड्यापर्यंत तिरक्या नळ्या लावत्यात, आत-बाहेर सरकणाऱ्या, आवळल्या की गच्च. हितं त्या कशाला शोधताय. ट्रॅक्टरची टॉप लिंक बघितलीय का? नांगराला वर धरती ती. मधला पाईप फिरवला की दोन्ही टोकं एकदम आत नाहीतर एकदम बाहेर, एका टोकाला सरळ आटे एका टोकाला उलटे. त्याच्यासारखा तिरका टेकू दुसरा न्हाई. एक टोक जॅकच्या पायाला, एक टोक दुसऱ्या बाजूच्या चॅनेलला कान वेल्ड करून. पिन घालायची, पाईप फिरवायचा, ताठ झाली की लॉकनट. एक आडवी लावा मागच्या जॅकला, एक लांबीच्या दिशेनं. काढायला पिनच उपसायची.

पोलाद_आणि_पोहे:
वा. टोपी काढली. हे मला सुचलं नसतं. एक भर: ताठ झाल्यावर पाव फेरा, बास. ती सांगाडा उचलायला नाही, सांगाड्याला 'कुठं चाललास?' म्हणायला आहे. आणि जॅकचा पाय जमिनीवर घसरत असेल तर तिरकं काही उपयोगाचं नाही, तेव्हा गुटका मुरमापर्यंत जाऊ दे, वरची अर्धा फूट माती काढून टाका.

न्यूजर्सी_व्हाया_कोरेगाव:
इकडच्या सेटच्या किमतीत तिकडे जुना ट्रॅक्टर येईल बहुतेक 😀 विट्याचे, तुमचं दुकान इकडे काढा.
डोंगरउतार, एक सवय लावून घ्या: लिंक लावलेली असली की स्टेअरिंगला लाल फडकं बांधायचं. मी एकदा जॅक वर न घेताच निघालो होतो, आवाज अजून कानात आहे.

वाईकर_मावशी:
दाराची पायरी विसरलात सगळे. माणूस पायरीवर पाय देतो तेव्हा सगळं वजन ट्रेलरच्या एका कडेवर येतं. आमच्या मुलीच्या गाडीला तसंच होतं. पायरी ट्रेलरला लटकवलेली असेल तर तिच्या खाली टेकू द्या, नाहीतर सरळ एक वेगळा दगड ठेवा दारापाशी. घराला पायरी जमिनीवरच असते.

डोंगरउतार:
मावशी 🙏 लटकवलेलीच आहे.

मिरजमळा:
धाग्यात ३८ प्रतिसाद आणि अजून कुणी विचारलं नाही की पलंगावरून उठून बायको एवढ्या वेळा जाते कुठं.

डोंगरउतार:
गॅस बंद केलाय का बघायला. आमच्याकडं हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे.

कोयनाकाठ:
आठवडा झाला, पुढं काय झालं? मूळ प्रश्न सुटला का?

डोंगरउतार:
सॉरी, रेंज नव्हती.

भोक नीट करून घेतलं, मोठा बोल्ट. चारी ठिकाणची लाल माती खोऱ्यानं काढली, मुरूम लागला की गुटका. पायरीखाली दगड. टाकी भरली. टॉप लिंका नवीन घ्यायच्या म्हणून दुकानात गेलो होतो, पण मग विचार केला की आधी घरच्या लावून बघू जमतंय का. एक बाबांच्या ट्रॅक्टरची, एक चुलत्यांच्या. कान वेल्ड केले, पिना घातल्या, पाईप फिरवला. एका जागी असं झालं की पाईप फिरवता फिरवता हाताला कळलं, म्हणजे आत्तापर्यंत सैल फिरत होता आणि एकदम जड झाला, आणि त्याच क्षणी आत टांगलेली चावी डुलायची थांबली. मी बाहेरून ओरडलो, "चाल आता!" बायको चालली. मी म्हटलं, "चाल की!" ती म्हणाली, "चालतेय!"

रात्री वारा होता, बऱ्यापैकी. स्टीलच्या पेल्यात काठोकाठ पाणी भरून टेबलावर ठेवलं. पहाटे बघितलं तर टेबल कोरडं. अगदी घरासारखं नाही, पुढच्या टोकाला कुणी उडी मारली तर कळतं. पण कूस बदलल्याची बातमी आता शेजारच्या बाकापर्यंत जात नाही. सासूबाईंना पुढच्या शनिवारी बोलावलंय.

वाऱ्यावरची_नोकरी:
आषाढात परत पेला ठेवा. मग बोलू.

पोलाद_आणि_पोहे:
झकास! लिंकांचे फोटो टाका, कान नेमके कुठं वेल्ड केले ते बघायचंय. आणि महिन्यातून एकदा लॉकनट तपासा.

कृष्णाकाठी:
आमच्या भावानं विचारलंय की खिडकी केवढी आहे.

डोंगरउतार:
@कृष्णाकाठी दीड बाय दोन 😄
फोटो टाकतो पण एक अडचण झालीय. आत्ताच बाबांचा फोन आला. उद्या सकाळी रोटर मारायचाय, ट्रॅक्टर काढला, टॉप लिंक कुठंय विचारतायत. चुलते पण शेजारी उभे आहेत म्हणे, त्यांचीही सापडत नाहीये.

विट्याचा_वेल्डर:
म्हणून म्हणतो नवीन घ्या. आता निघा रातोरात, आणि जाताना चाकाच्या पाचरी काढू नका.